दहा बावीस

कोपरखैरणे,
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

प्रिय नूरीन,

मागच्या पत्रात मी एक वेळ चुकीची लिहिली, ती आधी दुरुस्त करते. त्या मंगळवारी, म्हणजे २३ सप्टेंबरला, मी सव्वादहाला चहाला गेले असं मी लिहिलं होतं. तसं नव्हतं. मी साडेदहा वाजून गेल्यावर गेले. नवरात्राचा दुसरा दिवस होता, लाल रंगाचा, आणि वैशालीताईंनी पॅन्ट्रीत सगळ्यांचा फोटो काढला होता. तो माझ्या फोनमध्ये आहे आणि त्यावर दहा चौतीस ही वेळ आहे. फोटोत मी अगदी कडेला उभी आहे, एका हातात अजून हातमोजा आहे, म्हणजे टेबलावरून नुकतीच उठून आलेली. तू त्यात नाहीस. तू जागेवर बसून होतीस, लाल ओढणी घेऊन. ती ओढणी तू खास त्या दिवसासाठी आणली होतीस आणि म्हणाली होतीस, "अम्मीला कळलं तर विचारेल, तू तिकडे नोकरीला गेलीस की गरब्याला."

तू म्हणशील, पंधरा मिनिटांनी काय फरक पडतो. फ्रिजच्या तापमानाच्या तक्त्यावर सगळे 'चार' लिहीत असताना 'तीन पूर्णांक नऊ' लिहिणारी मुलगी, असं तू मला चिडवायचीस, आणि हे वाचतानाही तुला तेच वाटत असेल. या वेळी फरक पडतो. पण मला तिथपर्यंत पोचायला थोडा वेळ लागेल. एकदम लिहायला गेले तर मी पुन्हा काहीतरी सोयीचं लिहून बसेन, म्हणून सावकाश लिहिते आहे.

तुझं पत्र मी खूप वेळा वाचलं. माणगावच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तुला घेणार आहेत, फक्त आधीची नोकरी का सुटली ते त्यांना लेखी हवं आहे, आणि तू तिथे खरं ते लिहिणार आहेस, की दोन पेशंटच्या ट्यूबवरचे स्टिकर तुझ्या हातून उलटसुलट लागले. दुसरी कोणी असती तर 'घरगुती कारण' लिहून मोकळी झाली असती. तू उलट मला विचारलंस, की त्या दिवशी काय काय झालं ते नीट लिहून पाठव, मला काहीच आठवत नाही, आणि त्या कागदावर एक शब्दही खोटा जायला नको. म्हणून मी ती दोन पानं लिहिली. बॉक्स किती आले, रॅकमध्ये ट्यूब किती होत्या, प्रिंटर कितीदा अडकला, सगळं बरोबर लिहिलं. ती एक वेळ सोडून. पण तुझ्या पत्राच्या शेवटी जे आहे ते वाचून मला ती वेळ तशीच ठेवता येईना. तू लिहिलं आहेस की तुला आता तुझ्या हातांचा भरवसा वाटत नाही. चहात साखर घातली की नाही हेही तू अम्मीला विचारतेस. माणगावला रुजू झालीस तरी ट्यूब हातात धरवेल का, तुला माहीत नाही. तो फॉर्म तुला वीस तारखेपर्यंत द्यायचा आहे. अजून दिला नसशील अशी मी आशा करते.

इथलं सांगते. तुझ्या खुर्चीवर अजून कोणी आलेलं नाही. आता प्रत्येकाने स्वतःच्याच लॉगिनवर काम करायचं असा नियम झाला आहे. एकीने बाहेर पडून दुसरीने आत शिरायला ते जुनं मशीन पूर्वीसारखीच चार मिनिटं घेतं, त्यामुळे कोणी कोणाच्या जागेवर बसत नाही. वैशालीताई स्क्रीन भिंतीकडे वळवून बसतात. डबे वेगवेगळे खातो. त्या पॅन्ट्रीत खातात, विश्वजित सर केबिनमध्ये, मी गच्चीकडे जाणाऱ्या जिन्यात. ऑक्टोबरचं 'सर्वोत्तम टीम'चं प्रमाणपत्र आपल्या सेक्शनला मिळालं, कारण महिनाभरात आमच्याकडे एकही चूक नोंदली गेली नाही. सरांनी ते काचेत घालून दारासमोर लावलं आहे. सकाळी साडेआठपासून पाचपर्यंत खोलीत प्रिंटरचाच काय तो आवाज असतो. परवा तो अडकला तेव्हा मी 'अडकला गं' असं मोठ्याने म्हणाले. कोणी वर बघितलं नाही. मग मीच जाऊन त्याचं झाकण उघडलं.

आपल्याकडे चुका नोंदल्या जाणं कधी बंद झालं, तुला आठवतं का? मी नवीन होते तेव्हा वैशालीताईंच्या हातून एक ट्यूब निसटली, रक्त फरशीवर सांडलं, आणि त्यांनी स्वतः जाऊन सरांना सांगितलं. सरांनी फरशीचा फोटो काढून ग्रुपवर टाकला, खाली ताईंचं नाव. पुढे आठवडाभर सकाळी सगळे जमले की ते हसत विचारायचे, "काय ताई, आज काय पाडणार?" सर वाईट नाहीत. त्यांना वाटत होतं आपण वातावरण हलकं ठेवतो आहोत. ताईही हसल्या. पण त्यानंतर त्यांच्या हातून काही पडलं नाही. कोणाच्याच हातून पडलं नाही. जे पडलं, जे फुटलं, ते सगळं 'गळकं आलं' या रकान्यात गेलं, म्हणजे कलेक्शन सेंटरवरून येतानाच, मानसिंगदादांच्या गाडीत. ताईंनी तसं लिहिलं, तू लिहिलंस, मीही लिहिलं. तीन पूर्णांक नऊ लिहिणाऱ्या मुलीने लिहिलं. मानसिंगदादा बॉक्स उतरवताना म्हणायचे, "काय ओ मॅडम लोक, आपल्या गाडीत डेली भूकंप होतो काय? ऐरोलीपासून एक खड्डा चुकवला नाय असं झालं नाय आपलं." आपण हसायचो. ते कधी भांडले नाहीत. फक्त काही दिवसांनी बॉक्स देताना झाकण उघडून दाखवायला लागले आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवायला लागले. आधी ते आपल्याबरोबर चहा घ्यायचे, नंतर गाडीतच बसायला लागले. हे मी तेव्हा पाहिलं होतं, त्याचा अर्थ आत्ता लिहिताना लागतो आहे.

आणि ते लॉगिन. तिघींनी एकाच नावावर काम करायचं याला आपण केवढा विश्वास म्हणायचो. तू सगळ्यांत आधी यायचीस, म्हणून तुझं उघडलेलं असायचं आणि दिवसभर सगळं तुझ्याच नावावर चालायचं. "वापरा गं, माझं नाव काय झिजतंय," असं तू म्हणायचीस. फळ्यावरचा रोजच्या ट्यूबचा आकडा सगळ्यांचा असायचा. काही चुकलं तर ते कोणाचं, याबद्दल आपण तिघी एका शब्दाने कधी बोललो नाही. बोललो असतो तर तो विश्वास किती पातळ आहे ते कळलं असतं, म्हणूनही बोललो नसू.

मला वाटतं मी हे लॅबमध्ये शिकले नाही. घरूनच शिकून आले. मी सात वर्षांची होते. आम्ही याच घरात राहायचो, वरच्या मजल्यावर, आणि पहाटे पाणी आलं की मोरीतलं पिंप भरून ठेवायचं असायचं. एकदा आईने नळ सोडला आणि ती बाहेर शेजारणीशी बोलत उभी राहिली. पिंप भरून वाहिलं, पाणी खालच्या घरात गेलं. खालच्या काकू वर आल्या आणि दारातूनच विचारायला लागल्या, कोणी सोडला नळ, माझं गव्हाचं पोतं भिजलं. आईने वळून रणजीतच्या थोबाडीत दिली. रणजीत माझा भाऊ, तेव्हा नऊ वर्षांचा, नुकता झोपेतून उठलेला. नळ उघडा टाकायची त्याला सवयच होती, त्यामुळे त्यालाही वाटलं की आपणच टाकला असेल. तो 'चुकलं काकू' म्हणाला. मी सगळं बघितलं होतं. आईने माझ्याकडे पाहिलं आणि मी दात घासत राहिले. दुपारी जेवायला बसल्यावर आईने त्याच्या ताटात तळलेल्या बांगड्याचा सगळ्यांत मोठा तुकडा वाढला. तेवढ्यावर तो विषय आमच्या घरात संपला. त्यानंतर मी फार खरं बोलायला लागले. दोन थेंब दूध सांडलं तरी आईला जाऊन सांगायची. आई शेजारणींना कौतुकाने सांगायची, "आमची उन्नती खोटं बोलणारच नाही." बारीकसारीक गोष्टी इतक्या चोख सांगायच्या की मोठ्या गोष्टीबद्दल आपल्याला कोणी विचारणारच नाही. ही युक्ती होती, हे मला परवापर्यंत ठाऊक नव्हतं. मी त्याला स्वभाव समजत होते.

आता त्या गुरुवारच्या बैठकीचं लिहिते. काय घडलं ते तुला माहीत आहे, तरी या पत्रात ते असायला हवं. घणसोली गावातल्या एका बाईंचं डायलिसिस चालू आहे, त्यांचं पोटॅशियम खूप वाढलं होतं आणि त्यांना नॉर्मल रिपोर्ट गेला. वाशीच्या एका तरुणाचं नॉर्मल होतं, त्याला त्यांचा आकडा गेला आणि तो दोन दिवस विनाकारण आयसीयूत पडून राहिला. बाईंच्या डॉक्टरांना रिपोर्ट पटला नाही, त्यांनी संध्याकाळी पुन्हा रक्त तपासून घेतलं, म्हणून त्या वाचल्या. तिसऱ्या दिवशी सरांनी आपल्याला मूळ कारण शोधायला बसवलं. तो पाच चौकटींचा फॉर्म, प्रत्येक चौकटीत फक्त 'का?' माझं अक्षर चांगलं म्हणून पेन माझ्या हातात. रिपोर्ट का चुकला, तर स्टिकर चुकीचे लागले. का, तर दोन ट्यूबची अदलाबदल झाली. का, तर लक्ष नव्हतं. लक्ष का नव्हतं, तेव्हा वैशालीताई म्हणाल्या, "तिच्या अम्मीचं ऑपरेशन आहे ना, फोन येत असतात बिचारीला." त्या तुझी बाजू घेत होत्या. मी लिहिलं, घरगुती ताण. पाचव्या चौकटीपर्यंत चहा आला. सर म्हणाले, "शेवटच्यात ट्रेनिंग वगैरे काहीतरी टाकून दे." मी टाकलं. पाचव्यांदा 'का' कोणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर तिघी एका नावावर का काम करत होत्या, आणि आपल्याकडे कोणालाच आपली चूक का सांगता येत नाही, इथपर्यंत जावं लागलं असतं. मग त्या फॉर्मवर तुझं एकटीचं नाव राहिलं नसतं.

पण फॉर्म भरण्याच्या आधी जे झालं ते तुला बहुतेक आठवत नसेल. मला आठवतं. सरांनी कॉम्प्युटरवरची नोंद वाचून दाखवली. दोन्ही स्टिकर दहा बावीसला निघालेले, लॉगिन नूरीनचं. त्यांनी विचारलं, "तेव्हा टेबलावर तूच होतीस ना?" तू आठवायचा प्रयत्न केलास आणि म्हणालीस, "लॉगिन माझं आहे सर, म्हणजे मीच असेन." मग तू माझ्याकडे वळलीस. "उन्नती, मीच होते ना गं?" तुझ्या विचारण्यात संशय नव्हता. माझं सगळं टिपलेलं असतं, म्हणून विचारलंस. आणि मी म्हणाले, "मी चहाला गेले होते."

मी 'हो' म्हणाले नाही. त्या वाक्यात तुझं नाव नव्हतं. कितीतरी दिवस मी हेच धरून बसले होते, की मी नूरीनच्या विरुद्ध एक शब्दही बोललेले नाही.

दहा वीसला तुझा फोन वाजला होता. अम्मीचा. तू उठून जिन्याकडे गेलीस आणि जाताना रॅककडे बोट दाखवून मला खूण केलीस. मी तुझ्या खुर्चीवर बसले. रॅकमध्ये सहा ट्यूब राहिल्या होत्या. प्रिंटर अडकला, मी त्याचं झाकण उघडून पुन्हा लावलं, आणि दोन स्टिकर एकदम बाहेर आले. मी दोन्ही सोलले. एक डाव्या अंगठ्यावर चिकटवून ठेवला, एक ट्यूबवर लावला, मग दुसरा दुसऱ्या ट्यूबवर. नाव वाचून, फॉर्मशी जुळवून लावायचं असतं. मी जुळवलं नाही, कारण मला उरलेल्या चार तू यायच्या आत संपवून तुला चकित करायचं होतं. तू आलीस आणि म्हणालीस, "झालंसुद्धा? शाब्बास." मी उठले, नेहमीप्रमाणे फ्रिजचा तक्ता भरला आणि मग चहाला गेले. दहा बावीसला तिथे मी होते. चूक माझ्या हातून झाली, नूरीन. तुझे हात तेव्हा जिन्यात होते, त्यात फोन होता, आणि त्यांनी काहीही चुकीचं केलेलं नाही.

सरांनी वेळ वाचेपर्यंत मला हे माहीत नव्हतं. वाचल्याबरोबर कळलं. माझ्या कायमच्या नोकरीचं पत्र डिसेंबरमध्ये यायचं आहे. माझ्या वडिलांचे, आबांचे, गुडघे आता ओझ्याचे राहिलेले नाहीत, आणि रणजीतचं काम कधी असतं कधी नसतं. हे सगळं त्या एका क्षणात मनात आलं असं मी म्हणू शकते, पण ते खोटं होईल. त्या क्षणी मनात फक्त ग्रुपवरचा तो फोटो आला आणि त्याच्याखाली माझं नाव.

तुझ्या शेवटच्या दिवशी, दहा ऑक्टोबरला, मी तुझ्यासाठी भरली वांगी आणि बाजरीच्या भाकरी आणल्या होत्या. पहाटे उठून मी स्वतः केल्या होत्या. तू म्हणालीस, "एवढं कशाला गं? एक तूच आहेस इथे माझी." आणि बोटं चाटून खाल्लंस. मी समोर बसून बघत होते आणि मला रणजीतच्या ताटातला तो बांगडा दिसत होता. मला वाटलं होतं, एवढं केलं की आमच्या घरातल्यासारखा विषय संपेल. तू गेल्यावर मी डबा घासला, घरी आणला, आणि आईने विचारलं, आवडली का गं तिला वांगी. मी म्हणाले, हो.

दोन तारखेच्या रविवारी मी घणसोली गावात गेले होते, त्या बाईंना बघायला. पेशंटचा पत्ता असा वापरायचा नसतो, तेही मी लिहून देणार आहे. देवळामागच्या गल्लीत एकाला लागून एक घरं, मधून एकच स्कूटर जाईल एवढी वाट. रंगूबाई ओट्यावर बसून वालाच्या शेंगा सोलत होत्या. हाताला डायलिसिसची पट्टी. मला म्हणाल्या, "कोन पायजे गो तुला?" मी म्हणाले, लॅबमधून आले, तुमची चौकशी करायला. त्यांनी आत हाक मारून पाणी मागवलं. "मी बरी हाय. तुमचा सायेब आला व्हता, हात जोरून गेला. त्या पोरीला काढली म्हनं कामावरना." मी मान हलवली. त्या शेंगा सोलत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "येवढा काम, नि ती येकलीच व्हती काय? तिच्या संगती कोनीच नव्हता?" मी पाणी प्यायले. भांडं खाली ठेवायला मला जागा सापडेना. त्यांनीच ते माझ्या हातातून घेतलं.

त्यानंतरच्या रविवारी, म्हणजे नऊ तारखेला, मी आबांना विचारलं. तुला माहीत आहे, माझे वडील वाशीच्या कांदाबटाटा मार्केटमध्ये माथाडी आहेत. साताऱ्याहून आले तेव्हापासून एकाच टोळीत. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, की आबा, तुमच्यात कोणाच्या हातून गोणी फुटली तर काय करता. ते म्हणाले, "करायचं काय? मुकादमाला सांगायचं, टोळीची गोणी फुटली. नाव नाय सांगत." मी म्हणाले, म्हणजे ज्याने फोडली तो सुटला. "सुटतोय कुठला? संध्याकाळी हातपाय धुऊन बसलो की ज्याची त्यानं सांगायची. माझा पाय सरकला, माझं ध्यान नव्हतं. कोण काय बोलत नाय. एखादा शिव्या घालतो, तेवढंच." आणि नाही सांगितलं तर? आबांनी विचार केला. "एक होता तसा. त्याला काय काढला नाय आम्ही. पण पाठीवर गोणी घेताना मागं कोण उभाय ते बघावं लागतं ना. तो मागं असला की माणूस अंग चोरायचा. अंग चोरलं की मणका जातो. आपोआप एकटा पडला. गेला निघून." मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "तुझं काय पडलंय?"

मी सांगितलं. घरात ही गोष्ट मी पहिल्यांदाच कोणाला सांगत होते. आई आत कणीक मळत होती, तिचे हात थांबलेले मला कळले, पण ती बाहेर आली नाही. आबांनी मला समजावलं नाही की ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "सायबाला सांगशील तेव्हा सांगशील. ज्या पोरीच्या नावावर पडलं, तिला सांगितलंस का?"

म्हणून हे पत्र. माणगावच्या फॉर्मवर तुझ्या हातून चूक झाली असं लिहू नकोस, कारण ते खोटं आहे. हे पत्र हवं तर त्याला जोड. प्रत्येक पानावर मी सही केली आहे आणि मागच्या पत्रातली दोन पानं रद्द समजावीत असंही शेवटच्या पानाच्या मागे लिहिलं आहे. फोनवर सांगितलं असतं तर तू लगेच मलाच समजावायला लागली असतीस, आणि मी ते ऐकून घेतलं असतं. आणखी एक कारण आहे आणि ते चांगलं नाही. नुसतं मनात ठरवलं तर मी करणार नाही, हे मला माहीत आहे. येत्या बैठकीत सरांच्या वरच्या सुचित्रा मॅडम तो पाच चौकटींचा फॉर्म सही करून कायमचा बंद करणार आहेत, आणि सह्यांसाठी तो सगळ्यांसमोर फिरवायचं काम माझंच आहे. मी तो मुकाट्याने फिरवीन, तारीखसुद्धा सुबक अक्षरात घालीन. पण तोपर्यंत तुला कळलेलं असेल तर मला ते जमणार नाही. उद्या स्पीड पोस्टने टाकलं की शनिवारपर्यंत हे श्रीवर्धनला तुझ्या हातात असेल. तू उत्तर दे किंवा देऊ नकोस, फोन कर किंवा करू नकोस, मी ते गृहीत धरलेलं नाही. त्या बैठकीत मी उभी राहून दहा बावीसला टेबलावर कोण होतं ते सांगणार आहे, आणि मग पाचव्या चौकटीत मी काय टाकलं होतं ते खोडून तिथे काय असायला हवं तेही. तो दिवस सोमवार, १७ नोव्हेंबर.

तुझीच, हा शब्द ठेवायचा की खोडायचा ते तू ठरव,
उन्नती